शाळा आणि कॉलेज यांमधील उंबरठा

इसवी सन १९०१ सालची गोष्ट. शिकागो शहराच्या नैर्ऋत्येस सुमारें चाळीस मैलांवर जोलिएट नांवाचें एक गांव आहे. दगडाच्या खाणी, पोलादाचे कारखाने आणि कालव्यावरील मालवाहतूक यांवर हें गांव त्या काळीं जगत असे. तेथील हायस्कूलचे प्रमुख जे. स्टॅन्ले ब्राउन यांनीं शाळेचा अभ्यास पुरा केलेल्या सहा विद्यार्थ्यांस शाळेंतच ठेवून घेतलें आणि कॉलेजच्या पहिल्या दोन वर्षांचा अभ्यास त्यांजकडून करून घेण्यास आरंभ केला. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांचें या उपक्रमास पाठबळ होतें. हे विद्यार्थी पुढें विद्यापीठांत गेले तर तेथें त्यांस पुन्हा पहिल्या वर्गांत बसावें लागूं नये, शाळेच्या इमारतींत झालेलें त्यांचें शिक्षण विद्यापीठानें आपलें म्हणून मान्य करावें, ही या योजनेमागील मुख्य कल्पना. सहा विद्यार्थ्यांच्या या वर्गांतून जोलिएट ज्युनिअर कॉलेज उभें राहिलें. अमेरिकेंत सार्वजनिक पैशानें चालणाऱ्या ज्युनिअर कॉलेजांत तें सर्वांत जुनें समजलें जातें.

या गोष्टीस सव्वाशें वर्षें होत आलीं. सहा जणांचा तो प्रश्न आतां लाखोंचा झाला आहे. शाळेंत शिकत असतांनाच कॉलेजचा एखादा तरी विषय पुरा करून तो आपल्या नांवावर जमा करून घेणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांची संख्या २००२-०३ सालीं सुमारें ८ लाख १३ हजार होती. २०२२-२३ सालीं ती २५ लाखांच्या घरांत गेली. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींसाठीं कॉलेजचें दार वेळेआधीं उघडणारी ही चळवळ कशी वाढली, हें पाहूं लागलें म्हणजे दोन प्रश्न वारंवार पुढें येतात. हें दार कोणासाठीं उघडावें? आणि आंत आलेल्या मुलाच्या विद्येची हमी कोणीं घ्यावी? प्रत्येक पिढीनें या प्रश्नांचीं निराळीं उत्तरें दिलीं, आणि त्या उत्तरांतच या चळवळीचा इतिहास सांठवलेला आहे.

हार्पर यांस या विषयांत गोडी असावी, यांत नवल नव्हतें. ते स्वतः वयाच्या दहाव्या वर्षीं ओहायोमधील मस्किंगम कॉलेजांत दाखल झाले, चौदाव्या वर्षीं पदवीधर झाले आणि अठराव्या वर्षीं येल विद्यापीठाचे डॉक्टर झाले. त्या काळीं लहान गांवांतील कॉलेजें पूर्वतयारीचे वर्गहि स्वतःच चालवीत. त्यामुळें शाळा कोठें संपली आणि कॉलेज कोठें सुरू झालें, हें सांगणें कठिण असे. १८९२ सालीं शिकागो विद्यापीठ उघडलें तेव्हां हार्पर यांनीं कॉलेजच्या चार वर्षांचे दोन भाग पाडले, आणि पुढें त्या भागांस ज्युनिअर कॉलेज आणि सीनिअर कॉलेज अशीं नांवें मिळालीं. पहिल्या दोन वर्षांचा अभ्यास हा स्वभावतः शाळेच्या अभ्यासाचाच पुढचा भाग होय आणि खरें विद्यापीठीय शिक्षण त्यानंतर सुरू होतें, असें त्यांचें मत होतें. जोलिएटचा प्रयोग या मतांतूनच निघाला.

ही पुसट रेषा पुढें ठळक झाली, आणि तिला कारण झालें प्राध्यापकांचें पेन्शन. पोलादाच्या धंद्यांत अपार संपत्ति मिळविलेल्या अँड्र्यू कार्नेगी यांनीं १९०५ सालीं कॉलेजांतील अध्यापकांच्या पेन्शनसाठीं १ कोट डॉलरांचा निधि दिला. पेन्शन कोणत्या संस्थांतील अध्यापकांस द्यावयाचें हें ठरविण्यासाठीं कॉलेज कशास म्हणावें, हें आधीं ठरविणें भाग पडलें. कार्नेगी प्रतिष्ठानानें अशी अट घातली कीं, प्रवेशापूर्वीं चार वर्षांचा हायस्कूलचा अभ्यास झालाच पाहिजे. तो मोजावयाचा कसा? त्यासाठीं माप ठरलें. एका विषयाचे वर्षभरांत सुमारें १२० तास झाले म्हणजे एक एकक. अशीं निदान चौदा एककें झालीं म्हणजे विद्यार्थी कॉलेजास पात्र. पेन्शनच्या आशेनें संस्थांनीं ही अट मान्य केली आणि थोड्याच वर्षांत ती देशभर रूढ झाली. कॉलेजांतील अभ्यासहि असाच तासांनीं मोजला जाऊं लागला. या मापास तिकडे क्रेडिट म्हणतात; मराठींत आतां श्रेयांक हा शब्द रूढ झाला आहे. ठराविक श्रेयांक सांठले म्हणजे पदवी मिळावयाची, असा हा हिशोब.

या हिशोबाचे परिणाम दुहेरी झाले. एका बाजूनें शाळा आणि कॉलेज यांच्यामध्यें भिंत उभी राहिली. दहाव्या वर्षीं कॉलेजांत पाऊल टाकणारा हार्पर यांच्यासारखा मुलगा आतां त्या मापांत बसेना. दुसऱ्या बाजूनें त्याच मापानें भिंतींत दार पाडण्याची सोयहि करून ठेवली. कारण विद्या जर सुट्या मापांनीं मोजावयाची, तर तिचें एखादें माप शाळेंत असतांनाच कां मिळूं नये, हा प्रश्न ओघानेंच आला.

या ठिकाणीं महाराष्ट्रांतील श्रोत्यांस एक गोष्ट सहज आठवेल. ज्युनिअर कॉलेज हा शब्द येथील घरोघरीं परिचित आहे, पण येथें त्याचा अर्थ उलटा झाला आहे. १९७० नंतरच्या दशकांत दहा, दोन आणि तीन वर्षांचा आकृतिबंध महाराष्ट्रांत आला, तेव्हां अकरावी-बारावीच्या वर्गांस हें नांव मिळालें. तत्पूर्वीं अकरावीची परीक्षा देऊन मुलगा थेट कॉलेजांत जात असे. जोलिएट येथें कॉलेजचीं पहिलीं दोन वर्षें शाळेच्या छपराखालीं आलीं. महाराष्ट्रांत शाळेचीं शेवटचीं दोन वर्षें पुष्कळ ठिकाणीं कॉलेजच्या छपराखालीं गेलीं. उंबरठा कोठें असावा हें निसर्गानें ठरविलेलें नाहीं. तो माणसांनीं बसविलेला आहे आणि माणसांनीं वेळोवेळीं हलविलेलाहि आहे, याची साक्ष आपल्याच घरांतून अशी मिळते.

अमेरिकेंत हा उंबरठा सर्वांत धीटपणें हलविला तो पुन्हा शिकागो विद्यापीठानेंच. १९२९ सालीं अवघ्या तीस वर्षांचे रॉबर्ट मेनार्ड हचिन्स तेथील अध्यक्ष झाले. हायस्कूलच्या शेवटच्या दोन वर्षांत आणि कॉलेजच्या पहिल्या दोन वर्षांत तेंच तें शिकविलें जातें आणि त्यांत बुद्धिमान मुलांचा वेळ फुकट जातो, अशी त्यांची खात्री होती. १९३७ सालीं त्यांनीं अकराव्या इयत्तेपासून सुरू होणारा चार वर्षांचा अभ्यासक्रम चालू केला, आणि १९४२ सालीं त्या अभ्यासक्रमाच्या अखेरीस थेट बी. ए. ची पदवी देण्याचें ठरविलें. वर्गांत किती तास बसलें यास तेथें महत्त्व नव्हतें; एकेका विषयाच्या सर्वांगीण परीक्षा उत्तीर्ण होणें हीच कसोटी होती. १९४३ सालीं या योजनेंतून पंधरा वर्षांचा एक मुलगा विद्यापीठांत आला. त्याचें नांव जेम्स वॉटसन. पुढें दहा वर्षांनीं, १९५३ सालीं, फ्रान्सिस क्रिक यांच्यासह डी. एन. ए. ची रचना उलगडणारा तो हाच.

असें असूनहि हचिन्स यांची योजना टिकली नाहीं. दोन वर्षें आधीं मिळणारी ही पदवी आपल्या पदवीच्या तोलाची मानण्यास इतर कित्येक विद्यापीठें तयार होईनात. १९५१ सालीं हचिन्स शिकागो सोडून गेले आणि १९५३ सालीं विद्यापीठानें मागें पाऊल घेतलें. पहिल्या धड्यांतच एक गोष्ट अशी स्पष्ट झाली कीं, एकट्या विद्यापीठानें दार उघडून भागत नाहीं. त्या दारांतून आलेल्या विद्यार्थ्याचें शिक्षण इतरांनींहि खरें मानावें लागतें. श्रेयांक हें एक प्रकारचें वचन आहे, आणि वचनाची किंमत तें पाळणाऱ्यांवर अवलंबून असते.

त्याच सुमारास कोरियाचें युद्ध चालू होतें. तरुणांस लष्करांत जावें लागण्यापूर्वीं निदान दोन वर्षांचें उच्च शिक्षण मिळावें, या हेतूनें फोर्ड यांच्या पैशांतून स्थापन झालेल्या एका निधीनें १९५१ सालीं, साडेसोळा वर्षांखालील बुद्धिमान मुलांस शाळा पुरी होण्याआधींच कॉलेजांत पाठविण्यासाठीं शिष्यवृत्त्या सुरू केल्या. शिकागो, कोलंबिया, येल आणि विस्कॉन्सिन हीं विद्यापीठें प्रथम पुढें आलीं. पुढें अशा संस्थांची संख्या बारा झाली, आणि त्यांत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या फिस्क आणि मोरहाउस या कॉलेजांचाहि समावेश होता. १९५७ सालीं प्रसिद्ध झालेल्या अहवालांत असें दिसून आलें कीं, हीं मुलें अभ्यासांत आपल्याहून मोठ्या सहाध्यायांच्या पुढें होतीं आणि सुरुवातीच्या अडचणी ओलांडून बहुतेक मुलें तेथें रुळलीं. परंतु शाळांचे मुख्याध्यापक मात्र या योजनेवर प्रसन्न नव्हते. ज्या मुलांमुळें वरच्या वर्गांस शोभा यावयाची, जीं खेळांत आणि वक्तृत्वांत शाळेचें नांव राखावयाचीं, तींच मुलें अर्ध्यावर उचलून नेलीं जात होतीं.

मुलांस कॉलेजांत नेण्याऐवजीं कॉलेजचा अभ्यासच शाळेंत आणला तर? या विचारांतून दोन निराळ्या वाटा फुटल्या. पहिली वाट परीक्षेची. अँडोव्हर, एक्झेटर आणि लॉरेन्सव्हिल या तीन धनिक खासगी शाळा आणि हार्वर्ड, प्रिन्स्टन व येल हीं तीन विद्यापीठें यांच्या अध्यापकांनीं एकत्र बसून १९५२ सालीं एक अहवाल लिहिला. शाळा आणि कॉलेज यांतील अभ्यासांत किती पुनरुक्ति होते, हें त्यांनीं दाखवून दिलें. केनियन कॉलेजचे अध्यक्ष गॉर्डन चाल्मर्स यांच्या पुढाकारानें बारा कॉलेजांनीं शाळेंत शिकवावयाचे कॉलेजच्या तोडीचे अभ्यासक्रम आणि त्यांच्या परीक्षा आंखल्या. १९५५ सालीं हें काम कॉलेज बोर्डाकडे गेलें आणि ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट या नांवानें तें प्रसिद्धीस आलें. १९५६ सालीं १०४ शाळांतील १,२२९ विद्यार्थी या परीक्षांस बसले. या पद्धतींत हमी घेणारी व्यक्ति दूर कोठें तरी बसलेली असते. वर्षभर कोणीं कसें शिकविलें हें कॉलेज पाहत नाहीं; मे महिन्यांतील एका दिवशींच्या उत्तरपत्रिकेवरून तें निकाल देतें.

दुसरी वाट शिक्षकावरील विश्वासाची. १९५५ सालींच कनेटिकट विद्यापीठाचे प्रोव्होस्ट अल्बर्ट वॉ यांनीं एक साधी युक्ति काढली. विद्यापीठानें हायस्कूलांतील चांगल्या शिक्षकांची पारख करावी, त्यांस आपले अध्यापक म्हणून मान्यता द्यावी, आणि त्यांनीं आपल्याच शाळेंत, आपल्याच वर्गांत विद्यापीठाचा अभ्यासक्रम शिकवावा. विद्यार्थी उत्तीर्ण झाला म्हणजे शाळेच्या दाखल्यावर त्या विषयाची नोंद व्हावयाची, आणि विद्यापीठाच्या दप्तरींहि त्याचे श्रेयांक जमा व्हावयाचे. एकाच परिश्रमाचें फळ असें दोन ठिकाणीं नोंदलें जाऊं लागलें. हा उपक्रम तेव्हांपासून अखंड चालू असून, या प्रकारच्या उपक्रमांत तो सर्वांत जुना मानला जातो. परीक्षेच्या वाटेनें विद्यार्थ्याची कसोटी घेतली. कनेटिकटनें शिक्षकाची घेतली, आणि एकदां तो कसोटीस उतरल्यावर विद्यार्थ्याविषयींचा त्याचा निर्णय मान्य केला.

या दुसऱ्या वाटेस पक्की बांधणी मिळाली ती न्यूयॉर्क राज्यांतील सिराक्यूज येथें. बारावीचें वर्ष अमेरिकन शाळांत पुष्कळदां सुस्तीचें असे. आवश्यक विषय बहुतेक अकरावीतच आटोपलेले, पुढचें कॉलेज निश्चित झालेलें, मग उरलेले महिने मुलें कशीबशी ढकलीत. १९७२ सालीं त्या भागांतील शाळाप्रमुखांनीं ही अडचण सिराक्यूज विद्यापीठापुढें मांडली, आणि विद्यापीठानें शाळांच्या साह्यानें प्रोजेक्ट ॲडव्हान्स हा उपक्रम सुरू केला. शिक्षकांनीं उन्हाळ्यांत विद्यापीठांत येऊन तयारी करावयाची. वर्षांतून विद्यापीठाच्या अध्यापकांनीं शाळेंत जाऊन वर्ग पाहावयाचे. अभ्यासक्रम आणि गुणदानाचें माप दोन्हीकडे एकच ठेवावयाचें, असे नियम झाले. वरवर पाहतां हे नियम कारकुनी वाटतील. पण हायस्कूलच्या एका वर्गांतील गुणपत्रिकेस विद्यापीठाच्या शिक्क्याची किंमत प्राप्त होण्यास याच नियमांचा आधार होता. पुढें १९९९ सालीं अशा उपक्रमांची एक राष्ट्रीय संघटना स्थापन झाली, आणि तिनें असेच नियम सर्वांसाठीं घालून दिले.

येथवरच्या सर्व योजनांत एक समजूत सारखी होती. दार उघडावयाचें तें हुशार मुलासाठीं, तयार मुलासाठीं. या समजुतीस पहिला मोठा धक्का १९७४ सालीं न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागांत बसला. तेथील लाँग आयलंड सिटी ही गिरण्या-कारखान्यांची वस्ती. एका जुन्या कारखान्याच्या इमारतींत १९७१ सालीं लाग्वार्डिया कम्युनिटी कॉलेज उघडलें होतें. तेथील प्राध्यापिका जॅनेट लीबरमन यांनीं कॉलेजचे अध्यक्ष जोसेफ शेंकर यांच्या पाठिंब्यानें कॉलेजच्याच आवारांत मिडल कॉलेज हायस्कूल ही शाळा काढली. शाळेंत घ्यावयाचीं मुलें कोणतीं? सतत गैरहजर राहणारीं, अभ्यासांत मागें पडलेलीं, आणि शाळा मध्येंच सोडून देतील अशी ज्यांच्याविषयीं मार्गदर्शकांस भीति वाटत होती तीं.

सामान्य व्यवहारास ही गोष्ट उफराटी वाटणें साहजिक होतें. ज्यास शाळा झेपत नाहीं त्यास कॉलेज कसें झेपणार? लीबरमन यांचा विचार निराळा होता. या मुलांपैकीं पुष्कळांच्या घरांत कॉलेजची पायरी चढलेलें कोणी नव्हतें. त्यांच्या लेखीं कॉलेज म्हणजे दुसऱ्या लोकांचें गांव. त्याच आवारांत रोज जावें, तेथील ग्रंथालय आणि व्यायामशाळा वापरावी, कॉलेजच्या विद्यार्थ्यांच्या बरोबरीनें वावरावें, तयारी होईल तसतसा कॉलेजचा एखादा विषय घ्यावा, म्हणजे तें परकें गांव आपलें वाटूं लागतें, अशी त्यांची श्रद्धा होती. शाळा लहान ठेवली, म्हणजे प्रत्येक मुलास नांवानें ओळखणारा शिक्षक असे. मुलांस निरनिराळ्या संस्थांत व कचेऱ्यांत कामाचा अनुभवहि देण्यांत येई. १९७५-७६ सालीं न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या काठावर आलें आणि १९७६ सालीं तेथील शहर विद्यापीठाचें मोफत शिक्षण संपलें. त्या कठिण काळांतहि ही शाळा तगली. १९८५ सालीं याच आवारांत परदेशांतून नुकत्याच आलेल्या, इंग्रजी न जाणणाऱ्या मुलांसाठीं दुसरी शाळा निघाली. हुशारीचें बक्षीस म्हणून जी सवलत सुरू झाली होती, ती येथें आधार म्हणून दिली जाऊं लागली. या इतिहासांतील सर्वांत मोठें वळण तें हेंच.

त्याच १९८५ सालीं मिनेसोटा राज्यानें या प्रश्नास कायद्याचें रूप दिलें. राज्याचे गव्हर्नर रूडी पर्पिच हे खाणकामगाराचे चिरंजीव. घरीं क्रोएशियन भाषा, आणि इंग्रजी ते शाळेंत गेल्यावर शिकले. शिक्षणानें माणसाचें आयुष्य कसें पालटतें, हें त्यांस कोणीं सांगावयास नको होतें. त्यांच्या पुढाकारानें झालेल्या कायद्यान्वयें अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांस कॉलेजांत जाऊन विषय घेण्याचा हक्क मिळाला. फी आणि पुस्तकें यांचा खर्च राज्यानें करावयाचा. मात्र ती रक्कम त्या मुलाच्या शाळेच्या अनुदानांतून वजा व्हावयाची. शाळांनीं या तरतुदीस विरोध केला. पण तिचा एक परिणाम असा झाला कीं, विद्यार्थी टिकवून धरण्यासाठीं पुष्कळ शाळांनीं कॉलेजच्या तोडीचे वर्ग स्वतःच काढले. मिनेसोटा विद्यापीठानेंहि शाळांत जाऊन शिकविण्याचा उपक्रम पुढच्याच वर्षीं हातीं घेतला. १९९० सालीं वॉशिंग्टन राज्यानें असाच कायदा केला, आणि इतर राज्येंहि त्या मार्गानें गेलीं.

नव्या शतकांत या दोन्ही प्रवाहांचा संगम झाला. २००१ सालीं बार्ड कॉलेज आणि न्यूयॉर्क शहर यांनीं मिळून एक सरकारी हायस्कूल काढलें. तेथें पहिलीं दोन वर्षें शाळेचीं आणि पुढचीं दोन कॉलेजचीं. शाळेच्या दाखल्याबरोबरच दोन वर्षांची असोसिएट पदवी मिळावी, अशी ही रचना होती. २००२ सालीं गेट्स प्रतिष्ठानच्या साह्यानें अशा शाळा देशभर काढण्याची मोहीम सुरू झाली, आणि गरीब व अल्पसंख्य समाजांतील मुलांवर तिचा विशेष भर होता. या शाळांचा खरोखर उपयोग होतो काय, हें तपासण्याची एक चांगली संधि चालून आली. कांहीं शाळांत जागांपेक्षां अर्ज अधिक आल्यामुळें प्रवेश चिठ्ठ्या टाकून दिले होते. म्हणजे प्रवेश मिळालेलीं आणि न मिळालेलीं मुलें मुळांत सारख्याच योग्यतेचीं. २०१३ सालीं या मुलांची तुलना प्रसिद्ध झाली. प्रवेश मिळालेल्यांपैकीं शेंकडा ८६ मुलें हायस्कूल उत्तीर्ण झालीं, इतरांपैकीं ८१. कॉलेजांत दाखल झालेल्यांचें प्रमाण शेंकडा ८० आणि ७१ असें पडलें. अभ्यासाच्या मुदतींत कॉलेजची पदवी हातीं पडलेल्यांचें प्रमाण तर शेंकडा २२ आणि २ इतकें भिन्न होतें. लीबरमन यांनीं श्रद्धेनें मांडलेल्या गोष्टीस येथें आंकड्यांचा पुरावा मिळाला.

असें असलें तरी सर्व कांहीं आलबेल आहे असें समजण्याचें कारण नाहीं. पहिली अडचण वचन पाळण्याची. शाळेंत मिळविलेले श्रेयांक त्याच राज्यांतील सरकारी विद्यापीठें बहुधा मान्य करतात. पण नामांकित खासगी विद्यापीठांपैकीं पुष्कळ, शाळेच्या दाखल्यासाठीं एकदां मोजलेला विषय पुन्हा मोजण्यास नकार देतात. हचिन्स यांच्या पदवीस जें भोगावें लागलें तेंच येथें लहान प्रमाणावर घडतें. दुसरी अडचण शिक्षकाची. २०१५ सालीं मध्य-पश्चिमेकडील राज्यांतील उच्च शिक्षणसंस्थांस मान्यता देणाऱ्या मंडळानें आपल्या नियमाचा अर्थ असा स्पष्ट केला कीं, कॉलेजचा विषय शिकविणाऱ्याजवळ त्या विषयाची मास्टर्स पदवी, किंवा दुसऱ्या विषयाची मास्टर्स पदवी आणि त्या विषयांतील पदव्युत्तर १८ श्रेयांक असले पाहिजेत. पुष्कळ शाळाशिक्षकांची मास्टर्स पदवी शिक्षणशास्त्रांतील होती. वर्षानुवर्षें उत्तम शिकविणारे शिक्षक एकाएकीं कागदोपत्रीं अपात्र ठरण्याची वेळ आली, आणि मिनेसोटा, इंडियाना यांसारख्या राज्यांत मोठी चिंता पसरली. तिसरी अडचण जुनीच. जेथें खेड्यांत किंवा गरीब वस्तींत असा शिक्षक मिळत नाहीं, जेथें फी आईबापांस भरावी लागते, तेथील मुलें मागें राहतात. कृष्णवर्णीय आणि स्पॅनिश भाषक मुलांचें या वर्गांतील प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानानें अजून कमी आहे. दार रुंद झालें तरी त्याच्यापर्यंत जाणारी वाट सर्वांस सारखी नाहीं.

हा इतिहास अमेरिकेचा असला तरी भारतांतील पालकांस तो आतां परका राहिलेला नाहीं. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर, २०२१ सालीं श्रेयांकांची पेढी उघडण्यांत आली, आणि २०२३ सालच्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानें शाळेंतील शिक्षणहि श्रेयांकांत मोजण्याची वाट मोकळी केली. म्हणजे माप आलें आहे, नोंदवही आली आहे. पण जोलिएटपासून क्वीन्सपर्यंतची ही हकीकत असें सांगते कीं, माप आणि नोंदवही यांनीं काम पुरें होत नाहीं. सिराक्यूजचे अध्यापक उन्हाळ्यांत शाळाशिक्षकांबरोबर बसले, वर्षांतून त्यांच्या वर्गांत जाऊन आले, तेव्हां त्या श्रेयांकांस किंमत आली. लाग्वार्डियानें मागें पडलेल्या मुलास प्रथम आपल्या ग्रंथालयांत बसूं दिलें, आणि मग त्याच्यापुढें अभ्यास ठेवला.

घरांतील मुलगा किंवा मुलगी शाळेंत असतांनाच कॉलेजचा एखादा विषय घेऊं पाहील, तेव्हां किती श्रेयांक मिळतील आणि किती वर्षें वांचतील, हें आईबापांनीं विचारणें स्वाभाविक आहे. त्याबरोबर आणखी दोन गोष्टी विचारून घ्याव्या. हा विषय कोण शिकविणार, आणि त्या शिकविण्यावर कॉलेजच्या वतीनें कोणाची नजर राहणार? दुसरें, हे श्रेयांक पुढें कोणकोणत्या विद्यापीठांत मान्य होतील? या प्रश्नांचीं उत्तरें समाधानकारक असलीं तर मुलास पाठविण्यास कचरूं नये. मग तो वर्गांत पहिला असो वा मागच्या बाकावरचा असो.